मुरलेला फटकेबाज की ट्रिपल-एमधला पोरगा: जागा कुणाला द्यायची?

२७ एप्रिल २०१२ला अमेरिकन बेसबॉलच्या मेजर लीगमधल्या लॉस एंजेलिस एंजल्सनी ३८ वर्षांच्या बॉबी अब्रेऊला संघातून मोकळं केलं. दुसऱ्या दिवशी क्लीव्हलँडमध्ये वीस वर्षांचा माईक ट्राउट मैदानात उतरला. तोवर संघ वीसपैकी चौदा सामने हरला होता. हंगाम संपला तेव्हा ट्राउटची सरासरी होती .३२६ (दर हजार प्रयत्नांत ३२६ हिट), होमरन, म्हणजे कुंपणापार फटके, ३०, आणि फटक्याविना धावून चोरलेले बेस ४९. एंजल्सनी ८९ सामने जिंकले, तरी प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी) थोडक्यात हुकलं. एप्रिलमधले ते वीस सामने मला अजून सलतात.

पोरांना लवकर आणा म्हणणारा प्रत्येक जण हा किस्सा सांगतो. आदल्या वर्षीची गोष्ट मात्र सहसा निघत नाही. २०११च्या जुलैत हाच ट्राउट मायनर लीगमधून पहिल्यांदा वर, मेजर लीगमध्ये, आला होता आणि ४० सामन्यांत त्याची सरासरी होती .२२०. तेव्हाच एखाद्याने "पोरगं कच्चं आहे" असा शिक्का मारला असता, तर आकड्यांनी त्याचीच बाजू घेतली असती.

तुमच्या संघाचा लेफ्ट फील्डर (मैदानाच्या डाव्या टोकाचा क्षेत्ररक्षक) पस्तिशी ओलांडलेला आणि थंडावलेला असेल, आणि खाली ट्रिपल-एमध्ये, म्हणजे मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवर, एखादा पोरगा रोज चेंडू कुंपणापार टोलवत असेल, तर त्या दोघांना समोरासमोर ठेवून बघू.

हातातलं आणि पळतं

मुरलेल्या खेळाडूचा मोठा गुण म्हणजे त्याच्याकडून काय मिळणार हे माहीत असतं. त्याने लीगमधले निम्मे पिचर (चेंडू टाकणारे) दहा-दहा वेळा पाहिलेले असतात. बारा-पंधरा वेळा सलग आउट झाला तरी तो बॅटची पकड बदलत बसत नाही. पण वय झालं की उतार सांगून येत नाही. डोळे तेच, अंदाज तोच, फक्त वेगवान चेंडूवर बॅट किंचित उशिरा पोहोचते. मग पूर्वी कुंपणापार जाणारे चेंडू उलट्या बाजूला फाउल, म्हणजे रेषेबाहेर, जायला लागतात. असे फाउल वाढताना दिसले की मी सरासरीकडे बघायचं सोडून देतो.

पोराचं उलटं. तो किती उंच जाईल सांगता येत नाही आणि किती खाली पडेल तेही नाही. शिवाय ट्रिपल-एचे आकडे फसवतात. सॉल्ट लेक, रीनो, अल्बुकर्की ही मैदानं समुद्रसपाटीपासून बरीच उंचावर आहेत, तिथे हवा विरळ असल्यामुळे चेंडू लांब जातो. म्हणून तिथल्या होमरनपेक्षा दोन गोष्टी बघाव्यात: तो स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) किती वेळा होतो आणि स्ट्राइक झोनबाहेर, म्हणजे फटक्याच्या चौकटीबाहेर, वळणारा चेंडू सोडून वॉक (असे चार चेंडू सोडल्यावर फुकट मिळणारा पहिला बेस) किती मिळवतो. ज्याला चेंडू सोडता येतो त्याला वर आल्यावर सावरायला वेळ मिळतो. ज्याला येत नाही त्याची नस वरचे पिचर आठवडाभरात पकडतात.

आता नियमाची एक बाजू, जी या वादात क्वचितच कुणी मोजतं. मेजर लीगमध्ये पाच वर्षं काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय मायनर लीगमध्ये पाठवता येत नाही. त्याला हलवायचं तर सोडावंच लागतं, आणि करारातले पैसे तरीही द्यावे लागतात. पोराला मात्र साधारण तीन हंगामांपर्यंत खाली-वर करता येतं. म्हणजे पोराला आणून फसलात तर चूक दुरुस्त होते, जुन्याला सोडून फसलात तर होत नाही. यावरून मी एवढंच घेतो की घाई कॉल-अपची, म्हणजे वर आणण्याची, चालेल, निरोपाची नको. आणि करारातले उरलेले पैसे या हिशोबात धरूच नका. ते दोन्हीकडून गेलेलेच आहेत.

दिवस मोजण्याचा खेळ

मेजर लीगमध्ये हंगामातले १७२ दिवस भरले की खेळाडूचं एक वर्ष धरलं जातं. हंगाम त्याहून दोनेक आठवडे मोठा असतो. अशी सहा वर्षं झाली की तो फ्री एजंट, हवा तिथे जायला मोकळा. त्यामुळे तयार पोराला पहिले दोन आठवडे खाली ठेवलं की संघाला तो जवळपास एक अख्खं वर्ष जास्त मिळतो.

२०१५मध्ये शिकागो कब्जनी क्रिस ब्रायंटच्या बाबतीत हेच घडवलं. वसंतातल्या सराव सामन्यांत त्याने नऊ होमरन मारले होते. तरी हंगामाच्या सुरुवातीला तो आयोवात, त्यांच्या ट्रिपल-ए संघात, होता, कारण म्हणे क्षेत्ररक्षण सुधारायचंय. १७ एप्रिलला तो वर आला आणि वर्षाअखेर त्याचे दिवस भरले १७१. एक दिवस कमी! त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला, पुढच्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि १०८ वर्षांनी कब्ज जगज्जेते झाले. या दिवसांबद्दल त्याने केलेली तक्रार २०२०च्या सुरुवातीला फेटाळली गेली.

मग त्या वाचवलेल्या वर्षाचं कब्जनी केलं काय? ते वर्ष होतं २०२१, आणि जुलैत त्यांनी ब्रायंटला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं. अर्धा हंगाम आणि बदल्यात मायनर लीगमधली दोन पोरं, एवढी कमाई. मला हा सौदा कोत्या मनाचा वाटतो. तयार असलेल्या खेळाडूला "तू तयार नाहीस" असं तोंडावर खोटं सांगायचं आणि नंतर त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा करायची, हे कुठल्याच धंद्यात चालत नाही.

लीग आणि खेळाडूंच्या संघटनेच्या २०२२च्या करारात यावर थोडा इलाज झाला. नावाजलेल्या पोराला वर्षभर संघात ठेवलं आणि तो सर्वोत्तम नवोदित ठरला, तर संघाला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) एक जादा निवड मिळते. सिअॅटलने त्या वर्षी हुलिओ रॉड्रिगेझला पहिल्या दिवसापासून खेळवलं. अख्ख्या एप्रिलमध्ये त्याचा एकही होमरन नव्हता. संघाने दम धरला. शेवटी होमरन झाले २८, नवोदिताचा मान मिळाला, जादा निवड मिळाली आणि २००१नंतर पहिल्यांदा सिअॅटल प्लेऑफमध्ये पोहोचलं. त्याच करारात दुसरीही तरतूद आहे: उशिरा आलेला पोरगा नवोदितांच्या मतदानात पहिल्या दोघांत आला तर त्याला पूर्ण वर्ष मिळतं. पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स २०२४मध्ये ११ मे रोजी आला, मान मिळवला आणि वर्षही मिळवलं. त्यामुळे खरोखर मोठ्या पोराच्या बाबतीत आता दिवस मोजून फारसं काही हाती लागत नाही.

वर आणलं आणि पडला, तर?

इथे क्रिकेटची सवय आपल्याला फसवते. क्रिकेटमध्ये दहा सामने म्हणजे फार झाले. बेसबॉलमध्ये हंगामाचे १६२ सामने असतात आणि दहा सामने दीड आठवड्यात संपतात. तरीही त्या दीड आठवड्यावर निर्णय होतात. २०२२च्या ड्राफ्टमधली पहिली निवड असलेला जॅक्सन हॉलिडे एप्रिल २०२४मध्ये बाल्टिमोरकडून उतरला. ३४ प्रयत्नांत दोन हिट, १८ स्ट्राइकआउट, आणि लगेच परत खाली.

ठेवायचं की पाठवायचं, याचं उत्तर मला १९५१च्या न्यूयॉर्कमध्ये सापडतं. तिथे एकाच उन्हाळ्यात दोन्ही घडलं. जायंट्सनी मे महिन्यात विली मेजला आणलं. पहिल्या बारा प्रयत्नांत शून्य, मग पिचर वॉरन स्पॅनला एक होमरन, मग पुन्हा ओळीने शून्य. पोरगा लॉकरसमोर बसून रडला आणि मला परत पाठवा म्हणाला. मॅनेजर लिओ ड्युरोशरने त्याला सांगितलं की मी इथे आहे तोवर सेंटर फील्डला तूच खेळणार. मेज सर्वोत्तम नवोदित ठरला, जायंट्सनी लीग जिंकली.

त्याच शहरात यांकीजनी १९ वर्षांच्या मिकी मँटलला थेट क्लास-सी लीगमधून, म्हणजे मायनर लीगच्या बऱ्याच खालच्या पायरीवरून, उचलून आणलं होतं. जुलैत त्याला खाली, मायनर लीगमध्ये कॅन्सस सिटीला धाडलं. तिथेही बॅट लागेना, तेव्हा त्याने खाणीत काम करणाऱ्या वडिलांना फोन केला. ते ओक्लाहोमाहून गाडीने आले आणि धीर देण्याऐवजी त्याची बॅग भरायला लागले: चल घरी, खाणीत कामाला लाग. मँटल थांबला, चेंडू बदडायला लागला आणि ऑगस्टमध्ये परत वर आला.

दोन्ही निर्णय बरोबर होते असं मी म्हणतो. मेज त्याआधी मायनर लीगमध्ये मिनिआपोलिसला .४७७ने फटकावत होता, त्याला कौशल्य शिकायचं उरलं नव्हतं, भरवसा हवा होता. मँटलने मधल्या पायऱ्याच चढल्या नव्हत्या, त्याला रोज बॅटिंग हवी होती आणि यांकीजकडे तेवढी जागा नव्हती. पोरगा पडतोय तेव्हा त्याने खाली काय-काय शिकून घेतलंय ते आधी बघा. शिकलेला असेल तर किमान दोन महिने हात लावू नका. नसेल तर लवकर पाठवा, आणि परत केव्हा व कशावर आणणार ते त्याला स्पष्ट सांगा. हॉलिडेही जुलैअखेर परत आला आणि पुढच्या वर्षी नियमित खेळला.

बाकावर बसवायला मात्र पोराला कधीच आणू नका. आठवड्यातून दोनदा बॅट हातात घेऊन कुणी शिकत नाही. त्या जागेसाठी मुरलेलाच बरा, तो थंड अंगाने उठून आठव्या इनिंगला बॅटिंग करू शकतो.

दोघंही लागतात तेव्हा

मे २०१८मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सच्या हाउई केंड्रिकची टाच लेफ्ट फील्डमध्ये धावताना गेली, अकिलीस तुटली. दुसऱ्या दिवशी १९ वर्षांचा हुआन सोटो वर आला, ट्रिपल-एच्या खालच्या डबल-एचे जेमतेम आठ सामने खेळलेला. सुरुवातीपासून खेळलेल्या पहिल्या सामन्यात पहिल्याच चेंडूवर त्याने होमरन मारला आणि लेफ्ट फील्ड त्याचं झालं. केंड्रिक बरा होऊन परतला तेव्हा ती जागा गेलेली होती. संघाने त्याला सोडलं नाही. कधी फर्स्ट बेस, कधी सेकंड बेस, कधी नुसता बदली फटकेबाज असं करत ३६व्या वर्षी तो .३४४ने खेळला.

३० ऑक्टोबर २०१९, ह्यूस्टन, वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, सातवी इनिंग. नॅशनल्स एका धावेने मागे. सोटोने चेंडू सोडत-सोडत वॉक मिळवला. ह्यूस्टनने पिचर बदलला. केंड्रिकने बाहेरचा चेंडू उजवीकडे उंच उचलला आणि तो फाउल पोलच्या (रेषेच्या टोकाच्या खांबाच्या) जाळीवर खणकन आदळला, म्हणजे होमरन. दोन धावा, त्यातली पहिली सोटोची.

कॅलेंडर बघून

एप्रिल-मेमध्ये संघ शर्यतीत असेल आणि जुना निदान सरासरीइतका खेळत असेल, तर त्याला राहू द्या. पोरगा जूनपर्यंत आणखी पिकेल. जुना एप्रिलपासून सतत उशिरा पोहोचत असेल, तर एंजल्ससारखे वीस सामने घालवू नका. जुलैअखेर संघ दहा-बारा सामने मागे पडला असेल तर वादच उरत नाही. ट्रेडची मुदत संपायच्या आत जुन्याला जिंकणाऱ्या संघाकडे पाठवा, त्याचंही भलं होतं, आणि पोराला दोन महिने रोज खेळवा.

ऑगस्टच्या मध्यानंतर आणणार असाल तर एक बारीक हिशोब ठेवा. ४५ दिवसांच्या आत आणि १३० अॅट-बॅटच्या (बॅटिंगच्या प्रयत्नांच्या) आत राहिला तर पुढच्या वर्षी तो नवोदितच धरला जातो, म्हणजे त्या जादा निवडीची आशा शाबूत राहते. सप्टेंबरमध्ये रोस्टर, म्हणजे संघाची यादी, २६चं २८ होतं, तेव्हा त्यासाठी कुणाला काढावंही लागत नाही. अशा वेळी पोराचं लॉकर त्या जुन्या लेफ्ट फील्डरच्या शेजारचं द्या.