ऑफशोअर ड्रिलिंग कंपनी: नोकरी करा, पण बचत तिथे गुंतवू नका

कोथरूडच्या एमआयटीतून पेट्रोलियम केलेली पोरं दरवर्षी विचारायला येतात की दादा ड्रिलिंग कंपनीची ऑफर आलीये, जॉइन करू का, आणि सोबत वडील आलेले असले तर ते हळूच विचारतात की हिचे शेअर घेतले तर कसे. मी जॅकअप रिगवर, म्हणजे समुद्रतळावर पाय टेकवून विहीर खोदणाऱ्या सांगाड्यावर, बरीच वर्षं काढली, असिस्टंट ड्रिलरपर्यंत पोचलो, कंपनीचे शेअरही ठेवले होते, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो. कंपनीचं नाव लिहीत नाही. मार्क आधीच सांगतो, नोकरी म्हणून 5 पैकी 4 आणि गुंतवणूक म्हणून 5 पैकी 2.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ड्रिलिंग कंपनीकडे तेल नसतं. तेल ओएनजीसीचं किंवा सौदीच्या आरामकोचं, आपली कंपनी फक्त रिग आणि माणसं भाड्याने देते, आणि ते भाडं दिवसावर ठरतं, त्याला डेरेट म्हणतात. रिग कॉन्ट्रॅक्टवर आहे तोवर तुमचा पगारही येतो आणि शेअरही वर असतो, कॉन्ट्रॅक्ट संपलं की दोन्ही एकदम खाली. बाकी सगळं यातूनच निघतं.

नोकरीबद्दल बोलायचं तर पैसे चांगले आहेत, आपल्या हिंजवडीत त्याच वयाच्या पोराला मिळतात त्यापेक्षा बरेचदा जास्त, आणि रिगवर खर्च शून्य, जेवण कंपनीचं, कपडे धुऊन मिळतात, एसी केबिन. अठ्ठावीस दिवस काम, अठ्ठावीस दिवस घरी. पुण्याहून आदल्या रात्री निघायचं, सकाळी जुहूला हेलिबेसवर चेक-इन, तिथून चॉपरने बॉम्बे हाय, मुंबईपासून साधारण 160 किलोमीटर. पावसाळ्यात हवामान खराब झालं की चॉपर उडत नाही, मग तुमच्या जागी येणारा रिलीव्हर जुहूला अडकून आणि तुम्ही रिगवर, घरी कोणाचं लग्न असो की बारसं. बारा तासांची शिफ्ट असते आणि ती खरोखर बारा तासांची असते. ज्यांना पोहायची भीती वाटते त्यांनी ऑफर स्वीकारण्याआधीच हुएट ट्रेनिंगचा विचार करावा, त्यात चॉपरचा सांगाडा पाण्यात उलटा करतात आणि तुम्हाला बेल्ट सोडून खिडकीतून बाहेर यायचं असतं.

चार मार्क मी पगारासाठी दिलेले नाहीत, एका रात्रीसाठी दिलेत. पाइप विहिरीतून बाहेर काढत होतो, ट्रिपिंग आउट. पाइप निघतो तेवढी जागा विहिरीत रिकामी होते आणि ती ट्रिप टँक नावाच्या छोट्या टाकीतल्या मडने, म्हणजे विहिरीत दाब धरून ठेवणाऱ्या जड चिखलाने, भरायची असते, जेवढं लोखंड बाहेर तेवढं मड आत. मड कमी घेतलं जात असेल तर त्याचा अर्थ खालून दुसरं काहीतरी आत येतंय, गॅस असू शकतो. नवीन आलेला फ्लोअरमन, साताऱ्याकडचा पोरगा, टँकच्या आकड्यांची वही धरून उभा होता, त्याने येऊन सांगितलं की सर हिशोब जुळत नाहीये. ड्रिलरने तिथेच काम थांबवलं आणि फ्लो चेक घेतला, म्हणजे विहीर आपोआप वाहतेय का ते पाहिलं. ऑपरेटरचा, म्हणजे विहीर ज्यांची त्या तेलकंपनीचा रिगवरचा माणूस, त्याला कंपनी मॅन म्हणतात, तो घाईत होता, एक एक तास त्याच्या खर्चात धरला जातो, त्याने दोनदा विचारलं की कशाला थांबलात. आमचा टूलपुशर, म्हणजे रिगवरच्या ड्रिलिंग क्रूचा प्रमुख, त्याला एवढंच म्हणाला की पोराने थांबवलंय, बघून मग पुढे जाऊ. विहीर शांत होती, पाइप पुन्हा थोडा खाली नेला, खात्री केली आणि मग काम चालू झालं. पण दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्या पोराचं नाव सगळ्यांसमोर घेतलं. हे ज्या कंपनीत होतं तिथे मी माझ्या भावाला पाठवेन.

ज्या ठिकाणी असा इशारा गांभीर्याने घेतला जात नाही तिथे काय होतं ते 20 एप्रिल 2010 ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन रिगवर दिसलं. रिग ट्रान्सोशन या ड्रिलिंग कंपनीची, विहीर बीपी या तेलकंपनीची, प्रेशर टेस्टचे आकडे विचित्र येत होते तरी टेस्ट पास धरली गेली, आणि मग स्फोट झाला. 11 जण गेले, त्यातले 9 ट्रान्सोशनचे. म्हणून इंटरव्ह्यूला जाल तेव्हा पॅकेज नंतर विचारा, आधी विचारा की शेवटचं स्टॉप वर्क, म्हणजे धोका वाटला म्हणून काम थांबवणं, कोणी केलं होतं आणि त्याचं पुढे काय झालं. समोरचा माणूस चटकन उदाहरण देतो की पॉलिसीचं पान वाचून दाखवतो, यावरून लगेच कळतं.

एक मार्क का कापला तेही सांगतो. तेल 2014 मध्ये शंभर डॉलरच्या वर होतं, 2016 च्या सुरुवातीला तीसच्या खाली आलं. आमच्या रिगचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, नवीन मिळालं नाही, रिग यार्डात नेऊन उभी केली. क्रूला आधी अर्धा पगार, मग थांबा कळवतो, मग ईमेल. वाकडला फ्लॅटचा हप्ता चालू असलेली पोरं होती त्यात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पगाराबरोबर मेडिक्लेमही बंद झाला, त्याबद्दल कोणी आधी एक शब्द बोललं नव्हतं, एकाच्या आईचं ऑपरेशन ठरलेलं होतं तेव्हा त्याला हॉस्पिटलच्या काउंटरवर समजलं. ही गोष्ट मला आजही पटत नाही, मंदी कंपनीच्या हातात नाही मान्य, पण एक फोन तर हातात होता ना.

आता शेअर. इथे मी स्पष्ट सांगतो, ज्याचा पगार या धंद्यातून येतो त्याने बचत याच धंद्यात टाकू नये. 2020 मध्ये डायमंड ऑफशोअर, नोबल आणि वॅलारिस या ड्रिलिंग कंपन्या एकाच वर्षात अमेरिकेत दिवाळखोरीत गेल्या, रिग चालू राहिल्या, कंपन्याही पुढे उभ्या राहिल्या, पण मालकी कर्ज देणाऱ्यांकडे गेली आणि जुन्या शेअरहोल्डरांच्या हातात जवळपास काही उरलं नाही. आपल्याकडचं उदाहरण चेन्नईच्या अबान ऑफशोअरचं. 2006 मध्ये नॉर्वेची सिनव्हेस्ट ही ड्रिलिंग कंपनी घ्यायला मोठं कर्ज काढलं, तेजीत शेअर काही हजारांत गेला, मे 2010 मध्ये त्यांची अबान पर्ल ही रिग व्हेनेझुएलाजवळ बुडाली, माणसं सगळी वाचली हे नशीब, पण नंतर डेरेट पडले आणि कर्ज तसंच राहिलं. तो शेअर दोन आकडी झालेला पाहिलेले लोक पुण्यात बरेच सापडतील.

तरीही घ्यायचेच असतील तर पी/ई (शेअरची किंमत नफ्याच्या किती पट) बघत बसू नका, कंपनी फ्लीट स्टेटस रिपोर्ट काढते तो उघडा. त्यात प्रत्येक रिग कुठे आहे, कोणाकडे, कधीपर्यंत, बऱ्याचदा डेरेटसकट दिलेलं असतं. ओएनजीसीची जॅकअप कॉन्ट्रॅक्टं साधारण तीन वर्षांची असतात आणि टेंडरमध्ये सगळ्यात कमी बोलीवाल्याला मिळतात, त्यामुळे मंदीत लावलेला कमी रेट तेजी आली तरी तीन वर्षं चिकटून राहतो. मग कर्जाची तारीख बघा, कॉन्ट्रॅक्टं संपायच्या आधी मोठी परतफेड येत असेल तर लांब राहा. एकाच ग्राहकाकडे किती रिग आहेत तेही बघा, कारण 2024 मध्ये सौदीने उत्पादनक्षमता वाढवायचा बेत थांबवला आणि आरामकोने एकामागोमाग जॅकअप सस्पेंड केल्या, तिथल्या क्रूमध्ये आपली पोरंही होती.

हाच रिपोर्ट नोकरीवाल्यानेही वाचायचा, तुमची रिग शोधा आणि तारीख बघा. तारीख सहा महिन्यांवर असेल तर एचआरला लेखी विचारा की रिग उभी राहिली तर पगार किती, किती दिवस, आणि मेडिक्लेम कधीपर्यंत चालू. उत्तर काहीही येवो, घरच्यांचा वेगळा मेडिक्लेम पहिल्या पगारातच काढून टाका, आणि आयडब्ल्यूसीएफ वेल कंट्रोलचं (विहिरीतला दाब ताब्यात ठेवण्याचं) सर्टिफिकेट कधी संपू देऊ नका, पुढच्या कंपनीत ते सगळ्यात आधी मागतात.