रात्री दहानंतरचा बास: छोटा ॲम्प, लॅपटॉप की जॅकमधला प्लग?

फ्लॅटमध्ये राहून बास गिटार वाजवणाऱ्यापुढे साधारण तीन वाटा असतात. दहा-पंधरा वॉटचा छोटा ॲम्प घ्यायचा आणि आवाज बेताचा ठेवायचा. किंवा ऑडिओ इंटरफेस (बास लॅपटॉपला जोडणारा छोटा डबा) घेऊन लॅपटॉपमधून हेडफोनवर ऐकायचं. नाहीतर बासच्या जॅकमध्येच, म्हणजे केबलच्या भोकातच, खोचायचा, मुठीत मावणारा हेडफोन ॲम्प घ्यायचा. त्याला पुढे नुसतं ‘प्लग’ म्हणतो. मी तिन्ही वापरलेत. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण तुमचं घर, तुमचा बास आणि मुख्य म्हणजे तुमच्या इमारतीचं वायरिंग माझ्यासारखं असेलच असं नाही. तेवढी सूट देऊन वाचा.

ॲम्पचं आधी उरकतो. ‘आवाज कमी ठेवला की झालं’ हे गिटारवाल्यांना जमतं, आपल्याला जमत नाही. बासची मोकळी ई तार 41 हर्ट्झला वाजते. पाच तारांचा बास असेल तर खालची बी 31 च्या आसपास. 41 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरच्या वर जाते, म्हणजे बहुतेकांच्या हॉलपेक्षा जास्तच. चार इंची विटांची भिंत वरच्या पट्टीतला आवाज बऱ्यापैकी अडवते, पण खर्जापुढे तिचं फारसं चालत नाही. त्यामुळे तुम्ही कितीही सुरेल वाजवा, पलीकडे पोचतो तो बासलाइनचा नुसता गाळ. बोटांचा आवाज गेला, सुरांच्या कडा गेल्या, उरलं काय तर धप्प, धप्प, धूंऽऽ. हे संगीत आहे हेसुद्धा ऐकणाऱ्याला कळत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला एकदा अगदी काळजीनं विचारलं होतं, “अरे, तुमचं वॉशिंग मशीन बिघडलंय का? रात्री फार हादरतं.” ज्या घरात तबल्याचा रियाज चालतो त्या घराचं सोसायटीत कौतुक होतं. आपल्या नशिबी मेकॅनिकचा नंबर.

त्यात ॲम्प जमिनीवर ठेवला की कॅबिनेटची थरथर थेट स्लॅबमध्ये उतरते. खुर्चीवर किंवा जाड फोमवर ठेवला तर थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा दोन इंची फोम चिकटवून बास थांबेल ही आशा सोडा. त्यानं खोलीतला खणखणाट कमी होतो, आठ मीटरच्या लहरीला त्याचा पत्ताही लागत नाही.

काहीजण मोबाइलवरचं डेसिबल मोजायचं ॲप पुढे करतात. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि ॲप म्हणतं की आपण त्याच्या आत आहोत. गोम अशी की ही मोजणी ज्या ‘ए’ मापानं होते ते खालच्या सुरांना मुळातच कमी लेखतं. 40 हर्ट्झला तर ते जवळजवळ 35 डेसिबल वजा करतं. आकडा नियमात बसतो आणि शेजारच्या मांडणीवरचे डबे तरीही वाजत राहतात. असा आकडा दाखवून काकूंशी वाद घालायची ज्याची तयारी असेल त्यानं जरूर घालावा.

मग आवाज अगदीच बारीक केला तर? तिथे दुसरं दुखणं सुरू होतं. आवाज उतरवला की आपल्या कानाला सगळ्यात आधी खर्ज ऐकू येईनासा होतो. तो शोधायला उजवा हात नकळत जोर लावतो, तार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) आपटून खडखडते, आणि हळूहळू हाताला तीच सवय लागते. जॅमरूममधल्या मोठ्या ॲम्पसमोर गेलं की ड्रमर विचारतो, एवढं ओढून का वाजवतोयस? ॲम्प न लावता कोरडा बास वाजवण्यालाही हेच लागू. बोटं मोकळी करायला, स्केल घोकायला ठीक आहे, रोजचा रियाज म्हणून मी तरी सुचवणार नाही. छोटा ॲम्प माझ्याकडे आहे, तो रविवारी दुपारी, खाली मुलांचं क्रिकेट चालू असताना निघतो.

म्हणजे हेडफोन आलेच. त्यात दोन गोष्टी पक्क्या धरून चालतो. कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे घ्या. उघड्या पाठीच्या हेडफोनमधला आवाज शेजारच्या घरात जात नाही, पण शेजारच्या उशीपर्यंत जातो. आणि वायरचेच घ्या. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज बरेचदा दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. 120 च्या लयीत मात्रेचा चौथा भाग 125 मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे तुमचा सूर कानात येईपर्यंत पुढचा सूर वाजवायची वेळ होऊन गेलेली असते.

आता खरी लढत इंटरफेस आणि प्लग यांच्यात.

कागदावर इंटरफेस जिंकतो, आणि त्यात लबाडी काही नाही. स्कार्लेट सोलोसारखा छोटा डबा, एखादं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर, त्यात बासच्या ॲम्पची नक्कल करणारा प्लगइन, एवढ्यावर जो आवाज मिळतो तो कुठल्याही प्लगपेक्षा भरीव आणि खोल असतो. बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा किती तुकडा घेतो ते सेटिंग) 128 वर ठेवला तर उशीरही जाणवत नाही. एकूण दहा मिलिसेकंद धरले तरी ते ॲम्पपासून साडेतीन मीटरवर उभं राहण्याइतकंच आहे, आणि स्टेजवर आपण त्याहून लांब उभे राहतोच. विंडोजवाल्यांना हा उशीर कमी करणाऱ्या एएसआयओ ड्रायव्हरची थोडी खटपट करावी लागते, मॅकवाल्यांना तीही नाही. गाण्याचा वेग कमी करून अवघड जागा घोटता येते. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करून ऐकता येतं. आपण लयीत पुढे पळतो की मागे रेंगाळतो ते रेकॉर्डिंगइतकं स्पष्ट कोणी सांगत नाही, बँडमधले मित्र तर नाहीच.

तरीही रात्री माझा हात प्लगकडेच जातो. कारण एकच: भुणभुण.

आमची इमारत जुनी. प्लगपॉइंटला भोकं तीन आहेत, पण वरच्या जाड भोकामागे अर्थिंगची तारच नाही. लॅपटॉप चार्जिंगला लावून बास जोडला की हेडफोनमध्ये एक बारीक, चिवट भुणभुण सुरू होते. तारांवर हात ठेवला की दबते, हात उचलला की परत हजर. दमट हवेत तारांवरून मनगट सरकवलं तर त्वचेला बारीक मुंग्याही येतात. हे गूढ वगैरे काही नाही. चार्जरमधल्या फिल्टरमधून अगदी थोडा प्रवाह झिरपत असतो. अर्थिंग असेल तर तो तिकडून निघून जातो. नसेल तर लॅपटॉपची बॉडी, यूएसबी केबल, इंटरफेस, बासच्या केबलची जाळी, ब्रिज (तारा जिथे अडकवतात तो धातूचा भाग), तारा आणि शेवटी आपण, असा त्याचा रस्ता होतो. इलेक्ट्रिशियनला दाखवलं. तो म्हणाला, मीटरपासून नवी तार ओढावी लागेल. घर भाड्याचं. घरमालक म्हणाले, बघू. अजून बघतायत.

यात बासचाही थोडा वाटा आहे. माझा जॅझ बासच्या धर्तीचा आहे, दोन सिंगल कॉइल पिकअपवाला (पिकअप म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारा भाग, सिंगल कॉइल म्हणजे त्यात तारेचं एकच वेटोळं). दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवले की पिकअपची स्वतःची हम एकमेकींना कापते. मला मात्र पुढचा पिकअप उतरवून ब्रिजचा थोडा जास्त लागतो, आणि तसं केलं की हम डोकं वर काढते. प्रिसिजन या दुसऱ्या प्रसिद्ध बासचे मालक इथे सुखी. 1957 पासून त्यांच्या पिकअपचे दोन तुकडे हे काम आपापसांत करतात. पण चार्जरमार्गे येणारी भुणभुण प्रिसिजनलाही सोडेल याची खात्री नाही, तिची वाट वेगळी आहे.

एवढ्याशा आवाजाचं काय एवढं, असं वाटेल. गिटारवर कदाचित चाललंही असतं. पण बासमध्ये सूर कधी थांबवला याला तो कधी वाजवला याइतकंच वजन असतं. दोन सुरांमधली जागा कोरी राहिली तर ग्रूव्ह, म्हणजे तालाची पकड, बसतो. ती जागा कोरी आहे का, की शेजारची ए तार तिथे हळूच घुमते आहे, हे ऐकणं हाच तर रियाज. त्या जागेत भुणभुण भरलेली असेल तर डाव्या हातानं तार नीट दाबून थांबवली की नाही ते कळतच नाही. यावर नॉइज गेट (ठराविक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन) लावा असं सांगतात. लावला. गेट भुणभुण कापतो, पण त्याबरोबर लांब सुराची शेपटीही कापतो. आणि त्याहून वाईट म्हणजे तार थांबवायचं काम तो परस्पर करून टाकतो. हेडफोनमध्ये सगळं चकाचक ऐकू येतं आणि जॅमरूममध्ये गेटशिवाय वाजवलं की मागच्या तारा घुमताना सापडतात.

लॅपटॉप चार्जरवरून काढला की सगळं शांत होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ज्यांचा लॅपटॉप नवा आहे त्यांच्यासाठी माझी सगळी तक्रार इथेच संपते. माझ्या लॅपटॉपची बॅटरी म्हातारी झाली आहे, आणि बॅटरीवर गेल्यावर विंडोज वीज वाचवायला लागतं तेव्हा आवाज मध्येच तुटक येतो.

प्लगला भिंतीशी घेणंदेणंच नाही. व्हॉक्सचा बाससाठीचा ॲम्पप्लग दोन ट्रिपल-ए सेलवर चालतो. तो जॅकमध्ये खोचला, हेडफोन लावले, की पहिल्यांदा ऐकू येते ती शांतता. अगदी निखळ नाही, त्याची स्वतःची थोडी सूंऽऽ असते, पण ती हात उचलल्यावर वाढत नाही आणि दोन मिनिटांत कान तिला विसरतात. मग सुरांमधली जागा परत ऐकू येते. ड्रमचे साधे ठेके त्यात आहेत. मेट्रोनोमपेक्षा माझं मन त्यात जास्त रमतं.

त्याच्या उणिवा झाकत नाही. आवाज इंटरफेसपेक्षा पातळ आहे. पाच तारांच्या बासवर खालच्या बीला तो दम देऊ शकेल असं मला वाटत नाही. चाकं इतकी बारीक की अंधारात व्हॉल्यूम समजून टोन फिरवला जातो. मोबाइलवरचं गाणं सोबत घ्यायचं तर वेगळी वायर, आणि नव्या मोबाइलला हेडफोनचं भोक नसल्यामुळे टाइप-सीचा कनेक्टरही. शिवाय जॅझ आणि प्रिसिजनला जॅक समोरच्या अंगाला असतो, त्यामुळे हा ठोकळा पुढे डोकावतो आणि हेडफोनची वायर उजव्या हातासमोर लोंबते. ती पट्ट्याखालून मागे घेतली की प्रश्न मिटतो. ज्या बासला जॅक खालच्या कडेला आहे तिथे सोफ्यावर बसून वाजवताना प्लगवर दाब येतो, आणि जॅकचा नट ढिला व्हायला तेवढं पुरतं. तिथे उभं राहून वाजवा किंवा उंच स्टूल घ्या.

बॉसच्या काताना गोसारखे नवे प्लग यातल्या बऱ्याच गोष्टी सोडवतात. बाससाठी वेगळा मोड आहे आणि गाणं ब्लूटूथनं आत घेता येतं (त्यात उशीर झाला तरी बिघडत नाही, आपला बास वायरनंच ऐकू येतो). पैसे अर्थात जास्त. ते चार्जिंगचे असतात, आणि आमच्यासारख्या घरात चार्जिंगला लावून वाजवायचं म्हणजे परत त्याच भुणभुणीच्या दारात जाणं, हे मात्र लक्षात असू द्या.

ज्यांना जॅकमध्ये काही लोंबकळलेलंच नको त्यांनी झूमचा बी वन फोर हा इफेक्ट्सचा डबा एकदा बघावा. तो चार डबल-ए सेलवर चालतो, टेबलावर ठेवता येतो, ट्यूनर आणि लूपर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारा) त्यातच आहेत. मी मित्राकडचा वाजवून पाहिलाय. मेनूत शिरलो की आवाज निवडण्यातच रात्र जाते, हा माझा दोष की त्याचा ते ठरवलेलं नाही.

तुम्ही नव्या इमारतीत असाल, अर्थिंग चांगलं असेल आणि रेकॉर्डिंगची हौस असेल, तर इंटरफेस घेऊ नका असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. फक्त पैसे भरण्याआधी मित्राचा इंटरफेस एक संध्याकाळ घरी आणा. लॅपटॉप चार्जिंगला लावून, तारांवरचे दोन्ही हात उचलून ऐका. भुणभुण आली किंवा हाताला मुंग्या आल्या तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. ते आवाजापुरतं दुखणं नाही, शॉक लागायचीही भीती असते. बजेट एकाच गोष्टीचं असेल तर चांगले हेडफोन आधी घ्या, प्लग नंतर, इंटरफेस त्याहून नंतर. आणि प्लग घेतलात तर ट्रिपल-ए सेलची एक जोडी बासच्या बॅगेत टाकून ठेवा. रात्री अकराला दुकान उघडं नसतं, आणि टीव्हीच्या रिमोटमधले काढून घेतले तर घरातले काकूंपेक्षा जास्त बोलतात.