एचपीव्हीची लस: आधी लेकीला की लेकाला?

घरात बारा वर्षांची मुलगी आहे, चौदाचा मुलगा आहे आणि दोघांचे सगळे डोस एकदम परवडत नाहीत. माझं मत सरळ आहे: आधी मुलगी.

एचपीव्ही म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू. त्याचा संसर्ग दोघांनाही होतो, फरक पुढे पडतो. बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. टिकला, तर बाईच्या गर्भाशयमुखात पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर होऊन उभा राहतो. 2022च्या जागतिक अंदाजाप्रमाणे भारतात त्या एका वर्षात सव्वा लाखावर बायकांना तो झाला, जवळपास 80 हजार दगावल्या. पुरुषांनाही याच विषाणूने लिंगाचा, गुदद्वाराचा, घशाचा कॅन्सर होतो, पण बराच कमी. (आपल्याकडे घशाच्या बाबतीत खरा गुन्हेगार अजून तंबाखूच.)

मग मुलाला कशाला? एक तर संसर्ग होऊन गेल्यावरही पुरुषांच्या शरीरात विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बायकांपेक्षा कमी वेळा तयार होतात, त्यामुळे तोच विषाणू पुन्हा गाठू शकतो. लसीने मात्र मुलांमध्येही ती उत्तम तयार होतात. दुसरं, बाईला तपासणीचा आधार आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात झालेल्या मोठ्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पुरुषांसाठी अशी सरसकट तपासणीच नाही. मुलींना दिली की मुलगे आपसूक वाचतात म्हणतात. ते बहुतेक मुलींनी घेतली तरच. ऑस्ट्रेलियानेसुद्धा 2013पासून मुलांना द्यायला सुरुवात केली.

कुठली घ्यायची? पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक या विषाणूच्या चार प्रकारांवर चालते, गार्डासिल 9 नऊ प्रकारांवर, पण ती कितीतरी महाग. गर्भाशयमुखाच्या सुमारे 70 टक्के कॅन्सरमागे असलेले 16 आणि 18 हे प्रकार दोन्हींत आहेत. एकाला महागडी देण्यापेक्षा त्याच पैशांत दोघांना सर्वाव्हॅक द्यावी, असं मी म्हणेन. मुलीसाठी सरकारी केंद्रात आधी चौकशी करा.

पंधरा पूर्ण व्हायच्या आत सुरू केली तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, नंतर तीन. म्हणून मुलाचा वाढदिवस जवळ आला असेल तर दोघांचा पहिला डोस आताच उरका. जागतिक आरोग्य संघटनेने 2022पासून या वयात एका डोसचाही पर्याय मान्य केलाय, त्यामुळे दुसरा लांबला तरी जीव टांगणीला लावू नका.

सुई दंडात टोचतात. नंतर पंधरा मिनिटं दवाखान्यातच बसवा. या वयाची पोरं चक्कर येऊन पडतात, मुलगेसुद्धा.