मे महिन्याच्या सुट्टीत वाचन परत आणायचंय: ई-रीडर न्यावा की वाचनालय गाठावं?

गावी जायचं ठरलं की बऱ्याच जणांच्या मनात येतं, या खेपेला फोन बाजूला ठेवायचा आणि पुस्तकं वाचायची. माझ्याही मनात दरवर्षी यायचं. शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दोन दिवसांत एक पुस्तक संपवत असे. नोकरी लागल्यानंतरच्या दहा-अकरा वर्षांत मात्र धड पाच कादंबऱ्याही शेवटापर्यंत गेल्या नाहीत, आणि ही गोष्ट मला मनातून फार लागलेली होती. म्हणून सलग दोन उन्हाळे पुण्याहून रजा काढून गावी राहिलो. गाव अंबाजोगाईपासून तासाभरावर. पहिल्या वर्षी ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं हातात मावणारं यंत्र, घेऊन गेलो. दुसऱ्या वर्षी रिकाम्या हातानं गेलो आणि तालुक्याच्या वाचनालयाचा सभासद झालो. तेव्हापासून ओळखीतल्या तीन-चार जणांनी विचारलं, यातलं काय करू? त्यांना जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

फोनवर वाचायचा पर्याय मी यात धरलेला नाही. ज्या वस्तूपायी वाचन सुटलं तिच्यावरच ते परत धरणं मला जमलं नाही. कुणाला जमत असेल तर आनंदच आहे. ऐकायची पुस्तकं मात्र मला आवडतात. एसटीच्या सात-आठ तासांच्या प्रवासात, आईबरोबर कुरडया घालताना, मी ती मन लावून ऐकली आहेत. पण दुपारी आडवं होऊन ऐकायला लागलं की डोळा लागतो आणि पुस्तक आपलं पुढे चालत राहतं. जाग आल्यावर मागे कुठवर जायचं ते कळत नाही. बसून वाचायची सवय परत आणायला त्यांचा मला उपयोग झाला नाही.

आता ई-रीडर. त्याचं चांगलं आधी सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. त्याच्या पडद्यात काळे-पांढरे बारीक कण सरकून अक्षर उमटतं आणि एकदा उमटलं की तसंच राहतं. वीज खर्च होते ती पान बदलताना आणि आतला दिवा लावला तर. त्यामुळे एकदा चार्ज केलं की आठवडे-आठवडे बघावं लागत नाही. आमच्याकडे वळवाचं वारं सुटलं की लाईट जाते, आणि परत कधी येईल याचा नेम नसतो. अशा रात्री माळवदावर अंथरूण टाकून, दिवा अगदी बारीक करून मी दोन-दोन तास वाचलं आहे. शेजारी झोपलेल्या पुतण्याची झोपही मोडली नाही. दिवसा ढाळजेच्या, म्हणजे दारालगतच्या ओसरीच्या, तोंडाशी, समोरून उन्हाचा झोत येत असतानाही अक्षर स्वच्छ दिसायचं. फोनचा पडदा तिथं काळा पडतो.

गाडी अडली ती दुपारी. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२-४३ च्या घरात असतो. कूलर चालू असला तरी बोटं ओलसर राहतात आणि कपाळाचा घाम हनुवटीपर्यंत येतो. मी बाजेवर पालथा पडून वाचत होतो. पाटाच्या पाण्यावरून दोन भावांचं भांडण पेटलेलं, धाकटा तरातरा घरात शिरतो, कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलतो, आणि माझ्या नाकावरून घामाचा एक थेंब पडद्यावर पडला. पडद्याला थेंब आणि बोट यांतला फरक कळत नाही. पान उलटलं. शर्टाच्या टोकानं पुसायला गेलो तर आणखी सहा-सात पानं सटासट पुढे गेली. समोर कुठलंसं लग्न चाललेलं आणि थोरल्याची बायको अक्षता वाटत होती. म्हणजे थोरला जगला की मेला? ते कळू नये म्हणून अर्धवट डोळे मिटून मागे जाऊ लागलो, तर हवं ते पान सापडेना. पुस्तक किती वाचून झालं ते यंत्र टक्क्यांत दाखवतं, आणि कोपऱ्यात ३८ टक्के असं दिसत होतं. आधी किती टक्के होतं ते मी पाहून ठेवलेलंच नव्हतं.

यंत्र उशाला ठेवलं आणि हात फोनकडे गेला. तो गेला तो तासभर.

हे रोज दोन-तीनदा व्हायचं. ज्याला वाचनाची पक्की सवय आहे तो चिडेल, पान शोधेल आणि पुढे वाचेल. माझी सवय नुकती रांगायला लागली होती. तिला एवढी ठेच पुरेशी व्हायची. छापील पुस्तक हातातून पडलं, मिटलं, तरी ‘डाव्या पानावर, खालच्या अंगाला, पुस्तक निम्म्याच्या जरा अलीकडे’ एवढं डोळ्याला आणि अंगठ्याला आठवत असतं. टक्क्यांत ते आठवत नाही, निदान मला तरी नाही. मला वाटतं, वाचन सुटलेल्या माणसाला सगळ्यात आधी हीच गोष्ट लागते: आपण कुठं होतो ते न शोधता सापडणं. पान उलटायला बटणं असलेली यंत्रंही मिळतात, त्यांत हा त्रास कमी असावा. माझ्या यंत्राला ती नव्हती. आणि एसीत किंवा पावसाळ्यात वाचणाऱ्याला मी म्हणतो ते कदाचित पटणारही नाही.

मराठी वाचणाऱ्यासाठी एक सूचना मात्र द्यायला हवी. नीट तयार केलेलं ई-पुस्तक असेल तर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, ओळी आपोआप जुळून येतात. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो. सहा इंचांच्या पडद्यावर तो मोठा केला की प्रत्येक ओळीचं शेपूट बाहेर जातं आणि पान डावीकडे-उजवीकडे ओढत बसावं लागतं. तेव्हा विकत घेण्याआधी नमुना पानं उतरवून घ्या आणि अक्षर मोठं करून बघा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपतो. अशी काही जुनी पुस्तकं विकिस्रोत या मोफत संकेतस्थळावर टंकलिखित स्वरूपात आहेत, ती छान वाचता येतात. हयात लेखकांची पुस्तकं लोक स्कॅन करून ग्रुपवर फिरवतात, त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मराठीत पुस्तक लिहिणाऱ्याला तसंही फार काही मिळत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात १५ दिवसांत माझं दीड पुस्तक झालं.

दुसऱ्या वर्षी वाचनालयात गेलो तो खरं तर आईचं औषध आणायला तालुक्याला गेलो होतो म्हणून. अर्ज, आधारची झेरॉक्स, ३०० रुपये अनामत आणि महिन्याचे ३० रुपये वर्गणी. एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ. अर्ध्या जागेत अभ्यासिका, तिथं एमपीएससीची पोरं मान वर न करता बसलेली. पुढच्या टेबलावर वर्तमानपत्रं आणि ती रोज ठरलेल्या क्रमानं वाचणारी पाच-सहा म्हातारी माणसं. शाळेत असताना मी याच खोलीत येत होतो. वास तोच होता.

आपल्या भागात या खोल्यांना एक वेगळं मोल आहे, आणि ते मला लहानपणी कुणी सांगितलं नव्हतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत होई, आणि १९१८ साली हैदराबादला निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच होतं. अशा काळात मराठी पुस्तक आणि मराठी वर्तमानपत्र चारचौघांत बसून वाचायची जागा म्हणजे वाचनालय. पुढे महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. अ, ब, क, ड असे वर्ग पाडून वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं, आणि त्यावरच बहुतेकांचं चालतं. त्यात नवीन पुस्तकांची खरेदी बेताचीच होते. तुम्हाला गेल्या दोन वर्षांतलं, गाजत असलेलं पुस्तकच हवं असेल तर तालुक्याच्या वाचनालयात ते बहुधा मिळणार नाही. तिथं ई-रीडर सरळ जिंकतो.

पण मला गाजलेलं काही नको होतं. मला एक पुस्तक शेवटापर्यंत न्यायचं होतं.

पहिलं घेतलं ते जाड पुठ्ठ्याच्या बांधणीतलं, कण्यावर पांढऱ्या शाईनं दाखल क्रमांक लिहिलेलं. मागच्या आतल्या बाजूला तारखांची चिठ्ठी चिकटवलेली. जांभळ्या शिक्क्यांची रांग १९८९ पासून सुरू होत होती. १९९४ मध्ये तर महिन्याला दोन-दोन शिक्के होते. शेवटचा २०११ चा. त्याच्याखाली ग्रंथपाल काकांनी माझ्या तारखेचा शिक्का मारला आणि म्हणाले, “सात दिवसांत आणा बरं का, नंतर रोजचा एक रुपया.” दंड नावापुरताच, पण त्या सात दिवसांनी मला जे करायला लावलं ते यंत्रातल्या दोनशे पुस्तकांनी लावलं नव्हतं. घरात दुसरं पुस्तकच नव्हतं. कंटाळा आला तरी तेच उघडायचं. दुपारी लिंबाखाली बाज टाकायची, घाम पडला तर पडला, कागद तो पिऊन टाकतो. उठायची वेळ झाली की लिंबाची काडी पानात सरकवायची. पाचव्या दिवशी ते संपलं, आणि संपल्यावर मी बराच वेळ नुसता बसून होतो.

तोटेही सांगायला हवेत. आधीच्या कुणीतरी पेन्सिलीनं ओळी मारून ठेवलेल्या असतात आणि आपलं लक्ष उगाच तिकडे जातं. अक्षर बारीक, कागद पिवळा, म्हणजे रात्री वाचायचं तर चांगला उजेड हवा. लाईट गेली की पुस्तक मिटायचं. गावाहून वाचनालयापर्यंत १४ किलोमीटर, तेही सकाळ-संध्याकाळच्या ठरलेल्या तासांत. आणि तिसऱ्या पुस्तकात तर अख्खा फर्माच गळालेला निघाला. ९६ नंतर एकदम ११३. सोळा पानं नाहीत.

ते परत द्यायला गेलो तेव्हा काकांनी पुस्तक हातात घेतलं, ९६ वं पान उघडून दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, “ही गोष्ट मला माहीत आहे की. बसा, सांगतो.” बाहेर पोरगा चहा घेऊन आला. काकांनी ती सोळा पानं मला दहा मिनिटांत सांगितली. मास्तर गाव सोडून का जातो, जाताना शाळेची किल्ली कुणापाशी देतो, आणि ती घेणारी बाई काय बोलते, ते शब्द तर त्यांना जसेच्या तसे पाठ होते. मी पुस्तक परत घरी नेलं आणि ११३ पासून पुढे वाचलं. त्या १५ दिवसांत माझी चार पुस्तकं झाली. मोजमाप म्हणून हे कच्चं आहे हे मान्य. दोन उन्हाळे सारखे नसतात, पुस्तकंही सारखी नसतात. पण दीड आणि चार यांतला फरक नुसत्या योगायोगाचा असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या वर्षी मी रिकाम्या हातानं का गेलो, तेही इथं सांगितलं पाहिजे, कारण कुणाच्या निर्णयात ते उपयोगी पडेल. पहिल्या वर्षी परत निघताना ई-रीडर आईपाशी ठेवून आलो होतो. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. बारीक छपाई तिला झेपत नव्हती आणि वाचणं तिनं जवळजवळ सोडूनच दिलं होतं. त्या दिवसांत मी सहज अक्षर मोठं करून दाखवलं. पानावर सात-आठ ओळीच मावतील एवढं मोठं. ती हळूहळू, बोट न लावता, ओठ हलवत वाचू लागली. आता रोज सकाळी भाकरी झाल्या की ढाळजेत बसते. पान उलटायच्या आधी बोट पदराला पुसते, म्हणून तिची पानं पळत नाहीत. मी पुण्याहून पुस्तक घेऊन तिच्या खात्यावर पाठवतो, पुतण्या फोनचं हॉटस्पॉट लावून ते उतरवून देतो. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाली, “संपलं की रे ते. दुसरं कधी पाठवायलास?”

त्यामुळे डोळ्यांचा त्रास असेल, घरात वयस्कर वाचणारं माणूस असेल, किंवा तालुक्याला जाणं होणार नसेल, तर ई-रीडर बिनधास्त घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. जमल्यास बटणांचा घ्या. पण तुम्ही माझ्यासारखे असाल, डोळे चांगले आहेत, फक्त वाचन हातातून निसटलंय आणि दोन आठवड्यांत ते परत पकडायचंय, तर मी आधी वाचनालयात जाऊन बघा म्हणेन. जाताना आधारची झेरॉक्स न्या आणि साप्ताहिक सुट्टी कधी असते ते विचारून घ्या. माझी पहिली फेरी कुलूप बघूनच परत आली होती. आणि पुस्तक घेण्याआधी पानांचे आकडे एकदा चाळून बघा.

निघायच्या दिवशी माझी पाचवी कादंबरी अर्धी राहिली होती. ती परत घेताना काकांनी विचारलं, “कुठवर आलात?” मी पान सांगितलं. त्यांनी वही उघडून माझ्या नावापुढे पेन्सिलीनं २१४ लिहिलं. अनामत मी परत मागितली नाही.