गंजून बसलेलं चाक अलॉय रिमला ओरखडा न पाडता काढून देणारं दुकान (५ स्टार)

रत्नागिरीत समुद्राच्या जवळ गाडी उभी करणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय, लांबलंय पण पूर्ण वाचा. हातखंब्याकडे जाताना हायवेला लागून असलेलं हे टायरचं दुकान, बाहेरून अगदी साधं दिसतं. माझ्या मागच्या टायरमधे खिळा होता, हवा भरली की थोडा वेळ टिकायची, पण चारही नट काढले तरी चाक हलायलाच तयार नाही. आधी ज्या दुकानात गेलो तिथल्या पोराने सरळ लोखंडी हातोडा घेतला आणि रिमच्या आतल्या कडेला टवका उडवला, मी तिथूनच थांबवलं त्याला.

इथल्या काकांनी हातोड्याला हातच लावला नाही सुरुवातीला. मधली कॅप काढली, हब (चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग) आणि अलॉय जिथे चिकटतात त्या गोल फटीत आणि स्टडच्या (ज्यावर नट बसतात ते बोल्ट) भोकांत गंज सोडवायचं तेल मारलं आणि म्हणाले, आता चहा घ्या, मुरू दे. ते साधं डब्ल्यूडी-४० नव्हतं. ते चांगलंच आहे, पण १९५३ मधे ते मुळात पाणी हटवून गंज रोखायला बनवलेलं, एवढ्या जुन्या गंजाला त्यासाठीच बनवलेलं तेल लागतं असं काकांचं म्हणणं आणि मला ते पटलं. मग नट परत लावले, पण एक-दीड आटा ढिले ठेवून, टायरमधे हवा भरली, जॅक खाली घेतला आणि मोकळ्या जागेत गाडी अगदी हळू दोन-चार फूट पुढे-मागे करत ब्रेक मारायला सांगितलं. टक्क आवाज आला आणि चाक सुटलं!! नट लावलेले असतात म्हणून चाक निसटून पडत नाही, गाडीचं वजनच काम करतं. पण हे रस्त्यावर जोरात करू नका हां, स्टडची वाट लागते.

नसतं सुटलं तर गाडीखाली घोडी (गाडी पेलणारा स्टँड) लावून टायरला आतून लाकडी ठोकळा ठेवून चाक फिरवत फिरवत ठोकणार होते. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून लाथा मारणारे बघितलेत मी, जीव जाईल एखाद्याचा. गॅस मारून गरम करा म्हटल्यावर तर स्पष्ट नाही म्हणाले, टायर फुटू शकतो आणि बेअरिंगचं ग्रीस-सील जातं.

हे होतं का तर अलॉय म्हणजे अॅल्युमिनियम आणि हब लोखंडी, दोन धातूंमधे खारं पाणी गेलं की अलॉय खाल्लं जातं, हबही गंजतो आणि मधे ती पांढरी-तांबडी पावडर फुगून चाक जाम बसतं. आपल्याकडे पावसाळा आणि खारा वारा, मग काय विचारता. नुसतं काढून परत बसवलं तर पुढच्या वर्षी तेच.

म्हणून मला आवडलं ते पुढचं काम. वायर ब्रश आणि एमरी पेपरने हबचा गंज साफ केला, अलॉयची मागची बाजूही, कारण मधे गंजाचा थर राहिला की चाक सपाट बसत नाही आणि नट नंतर ढिले पडतात. मग हबच्या मधल्या गोल कडेलाच अँटी-सीझचा (चाक परत जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) पातळ हात, स्टडला नाही, ब्रेकच्या डिस्कला तर बोटही नाही, जिथे तेल उडालं होतं ते ब्रेक क्लीनरने पुसून काढलं. नट आधी हाताने लावले, मग समोरासमोरचे टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने. हा जोर (टॉर्क) छोट्या गाड्यांना साधारण १०० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, तुमच्या गाडीचा मॅन्युअलमधे बघा. आणि ५०-१०० किमी झाल्यावर परत चेक करायला या म्हणाले, त्याचे पैसे नाही घेतले.

पंक्चरचे नेहमीचेच पैसे, हबच्या कामाचे थोडे वेगळे, मला अजिबात जास्त वाटले नाहीत. वेळ मात्र लागतो, घाईत असाल तर जाऊ नका, बसायला पण एकच बाकडं आहे. रविवारी बंद. टायर रोटेशनला (चाकांच्या जागा आपसात बदलायला) गेलात तर चारही हब साफ करून घ्या असं आधीच सांगा, गर्दी असेल तर ते आपणहून विचारत नाहीत.