मॅलरी टॉवर्सची सहा संपली. सातवं कोणतं घ्यायचं?

मे महिन्याच्या सुट्टीत भाचीने मॅलरी टॉवर्स या मुलींच्या बोर्डिंग शाळेवरच्या मालिकेची सहाही पुस्तकं फस्त केली आणि फोन केला, "मावशी, सातवं कुठाय?" एनिड ब्लायटनने सातवं लिहिलंच नाही. १९४६ ते १९५१, दर वर्षी एक पुस्तक, दर पुस्तकात नायिका डॅरेल एक इयत्ता पुढे (तिकडची पहिली ते सहावी म्हणजे आपल्या हायस्कूलची वर्षं), आणि खेळ खलास. पण ऑनलाइन शोधलं की सातवं, आठवं, पार बारावंसुद्धा सापडतं. मुखपृष्ठावर ब्लायटनचं नाव ठसठशीत, आणि खरी लेखिका पामेला कॉक्स बारीक अक्षरात. आधी ते बारीक अक्षर वाचा, मग कार्टमध्ये टाका.

कॉक्सबाईंची मॅलरीची सहा पुस्तकं २००९ सालची. डॅरेलची गोष्ट संपलेली, म्हणून त्यांनी तिची धाकटी बहीण फेलिसिटी घेतली आणि तिसऱ्या इयत्तेपासून शेवटापर्यंत नेली. भाषा हुबेहूब जमली आहे. मध्यरात्रीच्या मेजवान्या, फ्रेंचच्या बाईंची टिंगल, नव्या मुलीचं गुपित, सगळं आपापल्या जागी. दहा वर्षांच्या वाचकाला सांधा दिसणार नाही. मला दिसला, कारण ब्लायटनमध्ये असलेला निष्ठुरपणा इथे सापडत नाही. डॅरेलच्या वर्गातली नकोशी ग्वेंडोलिन आठवते? पोहण्याच्या तलावात मेरी-लूला बुडवते म्हणून डॅरेल तिला फटके लगावते, ते पहिल्याच पुस्तकात. आणि शेवटच्या पुस्तकात, स्वित्झर्लंडच्या महागड्या शाळेची स्वप्नं बघत असताना, वडील गंभीर आजारी पडल्याचा निरोप येतो आणि तिला शाळा अर्धवट टाकून जावं लागतं. सहा पुस्तकं जिचा राग केला तिच्यासाठी अचानक पोटात कालवतं. कॉक्सच्या सहांमध्ये माझ्या पोटात असं एकदाही कालवलं नाही. खोड्या मात्र भरपूर, आणि डॅरेलच्या वर्गातल्या अलिशियाची आतेबहीण की मामेबहीण (इंग्रजीत सगळ्याच कझिन) ती जून, तिला चांगला वाव मिळालाय.

सेंट क्लेअर्स या ब्लायटनच्याच दुसऱ्या शाळा-मालिकेचा मामला वेगळा, आणि माझं मत तिकडेच झुकतं. तिथे ब्लायटनने खरोखरच भोकं सोडली होती. पहिली तीन पुस्तकं मिळून जुळ्या बहिणींचं पहिलं वर्ष, चौथ्यात दुसरी इयत्ता, आणि मग क्लॉडीन ही फ्रेंच मुलगी येते तेव्हा मुली थेट चौथीत! तिसरी इयत्ता गायब. पाचवीनंतर सहावीही नाही. कॉक्सने २००० साली या दोन्ही इयत्ता लिहिल्या आणि २००८ मध्ये किटी नावाच्या मुलीचं आणखी एक पुस्तक. हे शेपूट वाढवणं नव्हे, दाताची फट भरणं आहे. आता नऊ पुस्तकांचा संच एकत्र मिळतो आणि क्रमाने वाचला तर तो ओघात वाचला जातो.

'न्यू क्लास अ‍ॅट मॅलरी टॉवर्स' (२०१९) हे मात्र पुढचं पुस्तक नाही. डॅरेलच्याच काळात शिरणाऱ्या नव्या मुलींच्या चार गोष्टी, चार लेखिकांच्या. ब्लायटनच्या शाळेत सगळ्या गोऱ्या पोरी, ते चित्र बदलायचा हा प्रयत्न. नरिंदर धामीच्या गोष्टीत सुनिता येते, आणि ही नक्की कोणीतरी राजकन्या अशी कुजबुज सुरू होते. आपल्या मुलींना तेवढ्यासाठी तरी द्यावं. पण गोष्टी छोट्या, तोंडाला चव येईतो संपतात. सहा पुस्तकं वाचून भूक खवळलेल्या मुलीला हे पुरणार नाही. जिने मॅलरी अजून वाचलेलंच नाही तिच्यासाठी चाखायला उत्तम.

शॅले स्कूलच्या वाटेला भाचीला मी लावणार नाही. एलिनॉर ब्रेंट-डायरची ही मालिका १९२५ ते १९७० चालली, पन्नासहून जास्त पुस्तकं. शाळा आधी ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये, नाझी आल्यावर तिथून पळ, मग गर्न्सी, इंग्लंड-वेल्सची सीमा आणि शेवटी स्वित्झर्लंड. गोतावळा एवढा की वंशावळ काढून बसावं लागतं. एकट्या जोईला, म्हणजे मालिकेच्या नायिकेला, अकरा मुलं. चाहत्यांनी लिहिलेली भर 'गर्ल्स गॉन बाय' हे छोटं प्रकाशन काढतं. कॅथरिन ब्रूसचं युद्ध संपतानाच्या काळाचं पुस्तक त्यातलंच. मूळ मालिका पाठ असलेल्यांसाठी मेजवानी, इतरांना अर्ध्या नावांचा पत्ता लागणार नाही, आणि आपल्याकडच्या दुकानांत ती सहसा दिसतही नाहीत. मेरिन विल्यम्सचं १९९८चं 'द शॅले गर्ल्स ग्रो अप' तर मुलांच्या हाती देऊच नका. त्याच मुली मोठ्या होतात आणि आयुष्य त्यांना मोठ्यांसारखंच वागवतं. चाहते त्यावरून अजून भांडतात.

तुम्हाला स्वतःला जुना डबा उघडायचा असेल तर जेनी कोलगनचं 'क्लास' घ्या. २००८ मध्ये ते जेन बीटन या टोपणनावाने आलं होतं. ग्लासगोची मॅगी कॉर्नवॉलमधल्या मुलींच्या बोर्डिंगमध्ये इंग्रजी शिकवायला जाते, म्हणजे आपण आता मुलींच्या नाही, बाईंच्या बाजूने बघतो. वय झाल्याची जाणीव होते, पण रविवार छान जातो.

आणि पोरगी खून-रहस्याकडे वळली असेल तर रॉबिन स्टीव्हन्स. ही पुढची भर नव्हे, नवीच मालिका. १९३४ सालची शाळा, आणि सांगणारी हाँगकाँगहून आलेली हेझल वाँग. परकी मुलगी अशा शाळेत कशी बुजते ते इथे 'न्यू क्लास'पेक्षा जास्त खरं उतरलंय.

शेवटी मी भाचीला सेंट क्लेअर्सचा नऊचा संच पाठवला. परवा फोन आला, सहावं चालू आहे. सार्डिन आणि कंडेन्स्ड मिल्क एकाच मेजवानीत कसं खातात, एवढंच विचारत होती. पाचवं पुस्तक दुसऱ्याच बाईंनी लिहिलंय हे तिच्या लक्षात आलेलं नाही, आणि मीही बोलले नाही.