वेताची बैठक फाटली: हाताने विणायची, तयार जाळी बसवायची की प्लास्टिकचा वेत?

वेताच्या खुर्चीची बैठक अचानक जात नाही. आधी पुढच्या कडेजवळची एखादी पट्टी तुटते, मग तिच्या शेजारच्या दोन. तेवढ्यात कुणीतरी त्यावर उशी ठेवतं आणि उशीखाली भोक वाढत राहतं. बैठक खचली की तीन सल्ले मिळतात: पुन्हा वेताने विणून घ्या, तयार जाळी आणून लावा, किंवा प्लास्टिकचा वेत भरा, कटकट मिटेल. तिन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. पण तुमच्या खुर्चीला कोणता लागू पडतो, ते भावावरून ठरवू नका. त्यासाठी खुर्ची उलटी करून पाहावी लागते.

आधी चौकट पाहा

बैठकीच्या चौकटीला चारही बाजूंनी ओळीने भोकं असतील आणि त्यांतून पट्ट्या खाली येऊन गाठी मारलेल्या दिसत असतील, तर ती खुर्ची हाताने विणलेली आहे. भोकं नसतील आणि वरच्या बाजूने एका खाचेत वेताची गोल काडी ठोकून बसवलेली दिसत असेल, तर ती तयार जाळीची आहे. अर्धा निर्णय इथेच होतो. भोकांची खुर्ची विणण्यासाठी बनलेली असते, खाचेची जाळीसाठी.

हे सांगण्याचं कारण म्हणजे बाजारात सर्रास चालणारी एक गोष्ट. विणणारा माणूस मिळत नाही म्हणून सुतार भोकांच्या चौकटीवर जाळी ताणतो आणि वरून लाकडी पट्टी ठोकतो, किंवा भोकांना लागूनच नवी खाच कोरतो. पट्टी ठोकली तर जाळीचा सगळा ताण खिळ्यांवर येतो आणि ती तिथेच फाटते, शिवाय पुढची पट्टी मांडीला रुतते. खाच कोरली तर आधीच भोकांनी पोखरलेलं लाकूड आणखी बारीक होतं आणि वजन पडल्यावर चिरू शकतं. कोकणातल्या, गोव्यातल्या जुन्या घरांत सागवानी आणि शिसवी खुर्च्या अजून आहेत. त्यांना हा प्रकार करू नये असं मी आग्रहाने सांगेन. बैठक पुन्हा विणता येते, पण कोरलेलं लाकूड भरून येत नाही.

हाताने विणलेला खरा वेत

वेत ही ताडाच्या कुळातली वेल आहे. बांबू पोकळ असतो, वेत आतून भरीव. त्याच्या वरच्या चकचकीत, टणक सालीच्या पट्ट्या काढतात आणि बैठक विणायला त्या वापरतात. आतला गाभा गोल काड्यांच्या रूपात टोपल्या आणि विणीच्या सोफ्यांसाठी जातो. साल घट्ट आणि गुळगुळीत असल्यामुळे माणसाच्या वजनाखाली रोज घासली तरी ती टिकते, आणि विणीच्या भोकांतून वारा खेळतो. मुंबईच्या दमट उकाड्यात वेताच्या खुर्चीवर बसून पाठ ओली होत नाही, हे गादीच्या खुर्चीला जमणारं नाही. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीची 1859 सालची 14 क्रमांकाची खुर्ची जगभर गेली, तिची बैठक वेताचीच होती. चंदीगडच्या सरकारी इमारतींसाठी स्विस वास्तुविशारद पिएर जानरेने सागवान आणि वेत यांच्याच खुर्च्या केल्या.

नेहमीची अष्टकोनी भोकांची वीण सात टप्प्यांत होते. पहिला टप्पा मागून पुढे, उभ्या पट्ट्यांचा. सुरुवात मधल्या भोकापासून. दुसरा आडवा, पहिल्याच्या वरून, नुसता टाकलेला. तिसरा पुन्हा उभा, त्याच भोकांतून, पण पहिल्या पट्टीच्या किंचित उजवीकडे सरकवून. चौथ्यापासून खरी वीण सुरू होते: आडवी पट्टी तिसऱ्या थराच्या वरून आणि पहिल्याच्या खालून न्यायची. पाचवा आणि सहावा टप्पा तिरक्या पट्ट्यांचे, एकमेकांच्या उलट दिशेने. सातव्यात कडेची भोकं झाकणारी रुंद पट्टी बांधायची.

तिरकी पट्टी बरोबर चालली आहे का, हे हाताला कळतं. बरोबर असेल तर ती उभ्या आणि आडव्या पट्ट्यांच्या जोड्या जिथे मिळतात त्या कोपऱ्यांत अलगद सरकते. चुकीची असेल तर प्रत्येक ठिकाणी अडकते आणि खरवडते. तशीच ओढून घेतली तर पुढे वापरात ती शेजारच्या पट्ट्या कापत राहते. म्हणून अडकली की उसवायची. दुसरी काळजी ताणाची. पहिले दोन थर फार ताणू नयेत. पुढचे थर आत शिरतात तसा ताण आपोआप वाढतो, आणि सुरुवातीलाच तंग केलेल्या बैठकीत शेवटच्या पट्ट्यांना जागाच उरत नाही.

पट्टीची रुंदी भोकांच्या अंतरावरून ठरते. एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 10 मिमी असेल तर 2 मिमीची पट्टी, 16 मिमीला अडीच, 19 मिमीला 3 मिमी. साधारण आकाराच्या एका बैठकीला 75 मीटरच्या आसपास पट्टी लागते. पट्टी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवली की वळते. रात्रभर भिजत ठेवू नका, ती काळवंडते आणि दुबळी होते. काम चालू असताना एक-दोन पट्ट्याच पाण्यात असाव्यात. बाकी हत्यारं घरातली: आरी (भोक साफ करायचा टोच्या), कात्री, आणि पट्टी भोकात अडवून धरायला लाकडाच्या निमुळत्या खुंट्या.

वेळ मात्र लागतो. सराव नसलेल्या माणसाचे दोन-तीन सुट्टीचे दिवस सहज जातात, आणि पाठही विणायची असेल तर आणखी. घरात चार खुर्च्या एकदम फाटल्या असतील तर कारागीर बघावा. एकच असेल आणि हाताने काहीतरी करायची आवड असेल, तर हे काम शिकण्यासारखं आहे. आपल्याकडे अंध विद्यार्थ्यांच्या संस्थांत खुर्च्या विणायचं शिक्षण वर्षानुवर्षं दिलं गेलं आहे. डोळ्यांपेक्षा बोटांवर चालणारं हे काम आहे. तुमच्या शहरातल्या अशा संस्थेत आधी चौकशी करा. तिथली वीण एकसारखी आणि घट्ट असते, आणि पैसे योग्य हातात जातात.

तयार जाळी

यंत्रावर विणलेली जाळी गुंडाळीच्या रूपात मिळते, मीटरवर कापून. वेत खराच असतो, फक्त वीण आधी झालेली असते. खाचेच्या खुर्चीला हाच योग्य उपाय आहे, आणि घरच्या घरी करायला तिघांत हा सर्वांत सोपा. एका दिवसात बैठक लागते.

जुनी काडी काढणं हाच यातला किचकट भाग. खाचेच्या दोन्ही कडांना पटाशीने किंवा धारदार सुरीने चीर द्यायची, गरम पाण्याचं फडकं ठेवून जुना सरस मऊ होऊ द्यायचा, मग काडी थोडी थोडी उचकटायची. घाई केली तर लाकडाचा टवका निघतो. खाच पूर्ण साफ झाली पाहिजे. तळाशी जुन्या सरसाचे खडे राहिले तर नवी काडी वर येते.

जाळी खाचेच्या बाहेर चारही बाजूंनी दोन-तीन सेंटीमीटर जास्त ठेवून कापावी, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावी, चकचकीत बाजू वर घ्यावी. आधी मागच्या कडेच्या मधोमध, मग पुढच्या, मग दोन्ही बाजूंना लाकडी पाचरीने खाचेत दाबत जावं. पट्ट्यांच्या ओळी चौकटीला समांतर आहेत का ते प्रत्येक वेळी पाहावं. वाळल्यावर वाकडेपणा सुधारत नाही. जास्तीची जाळी खाचेच्या बाहेरच्या कडेला कापून टाकावी, खाचेत फेव्हिकॉलसारखा पांढरा गम घालावा आणि भिजवलेली काडी लाकडी हातोडीने हळूहळू बसवावी. काडी खाचेपेक्षा किंचित बारीक घ्या, कारण जाळीची जाडीही त्याच खाचेत मावायची असते. ओली असताना बैठक थोडी सैल वाटते, ते साहजिक आहे. पूर्ण वाळायला दोन दिवस द्या, ती ढोलकीसारखी ताणली जाईल.

हाताच्या विणीशी तुलना करता जाळीत दोन उणिवा आहेत. सगळा भार कडेच्या एका अरुंद खाचेवर आणि गमावर असतो, त्यामुळे पुढच्या कडेवर वारंवार दाबून बसणाऱ्यांच्या खुर्चीत ती तिथे लवकर तुटते. आणि कमानदार, खोलगट पाठीला ती नीट बसत नाही, सुरकुत्या पडतात. सपाट बैठक, कपाटाची दारं, पलंगाची डोक्याकडची बाजू यांना मात्र ती उत्तम.

प्लास्टिकचा वेत

कार्यालयांतल्या आणि सभागृहांतल्या कितीतरी भोकांच्या खुर्च्या आज प्लास्टिकच्या पट्टीने विणलेल्या दिसतात. वीण तीच, सात टप्प्यांची. पट्टी भिजवावी लागत नाही, मध्ये गाठी-कांडी नसतात, लांबच लांब मिळते. शिकणाऱ्याला हे फार सोयीचं आहे. बुरशी नाही, भुंगा नाही, साबणाच्या पाण्याने धुतली तरी चालते.

पण खरा वेत ओला विणला की वाळताना आवळतो. प्लास्टिक आवळत नाही. उलट सतत वजन पडून ते हळूहळू लांबतं आणि बैठकीचा झोळ होतो. विणताना प्रत्येक टाका हाताने ताणून घेणं आणि खालच्या गाठी दुहेरी मारणं म्हणूनच आवश्यक. गुळगुळीत पट्टीची साधी गाठ सुटते. उन्हाळ्यात उघड्या त्वचेला ते चिकटतं. आणि स्वस्त पट्टी थेट उन्हात ठेवली तर ठिसूळ होऊन तुकडे पडतात.

तरीही पावसाच्या झडी येणाऱ्या गॅलरीत, ओसरीवर, समुद्राजवळच्या घरात किंवा लहान मुलांच्या खोलीत मी प्लास्टिकच सुचवेन. अशा ठिकाणी खरा वेत लावणं म्हणजे त्याला दर पावसाळ्यात सादळायला ठेवणं. फक्त उन्हात टिकणारी, बाहेरच्या वापराची पट्टी मागून घ्या. शिसवी आरामखुर्चीवर मात्र ती लावू नका. बसल्यावर फरक जाणवतो आणि दिसतोही.

एवढं का करायचं? ठिगळ नाही चालत?

क्वचित चालतं. अपघाताने, म्हणजे चाकू लागून किंवा स्टुलाचा पाय पडून, नव्या बैठकीची एखादी पट्टी तुटली असेल तर भिजवलेली नवी पट्टी त्याच मार्गाने ओवून खाली गाठ मारता येते. पण वय झाल्यामुळे तुटलेली पट्टी जोडण्यात अर्थ नाही. तिच्या शेजारच्या पट्ट्याही तेवढ्याच म्हाताऱ्या असतात, आणि नव्या पट्टीच्या ताणाने त्या आधी जातात. बैठक नुसती सैल झाली असेल, तुटलेली नसेल, तर मात्र काहीच बदलू नका. ओलं फडकं खालच्या बाजूने अर्धा तास ठेवा आणि रात्रभर वाळू द्या. वरची साल पाणी पीत नाही, खालची बाजू पिते. म्हणून पाणी खालूनच. पुष्कळदा बैठक पुन्हा घट्ट होते.

संपूर्ण विणीच्या सोफ्यांचं आणि झोपाळ्यांचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे बहुधा पायांवरची आणि हातांवरची गुंडाळी सुटते. सुटलेलं टोक भिजवून पुन्हा गुंडाळावं, गम लावावा, आतल्या बाजूने बारीक खिळा मारावा. हे करायला कारागिराची गरज नाही. लांबवलं तर मात्र आतले जोड हलू लागतात. कोणत्याही खुर्चीचे जोड डुगडुगत असतील तर ते आधी पक्के करून घ्या, विणकाम नंतर. हलणारी चौकट नवी वीणही फाडते.

निगा

निवड करताना निगेचाही हिशेब धरावा लागतो, कारण खऱ्या वेताला ती लागते. धूळ मऊ ब्रशने काढावी. भोकांच्या कोपऱ्यांत बसलेली धूळ पट्ट्यांना घासत राहते. खरा वेत दोन टोकांना बिघडतो: कोकणातल्या पावसाळ्यात बुरशीने आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात कोरडेपणाने. पावसाळ्यात खुर्ची भिंतीपासून वीतभर दूर, वारा लागेल अशी ठेवावी. बुरशी दिसली तर कोरड्या ब्रशने ती घराबाहेर झाडावी, व्हिनेगरच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसावं आणि सावलीत पूर्ण वाळवावं. कोरड्या हवेत महिन्या-दोन महिन्यांनी खालून ओलसर फडकं फिरवलं तरी पुरे. थंड देशांत हिवाळाभर हीटर चालू असलेल्या घरांनाही हेच लागू.

वर जाड व्हार्निश देऊ नका. चकचकीत सालीवर ते धरत नाही, पट्टी लवली की त्याचे पापुद्रे निघतात. लाखेच्या पॉलिशचा एक पातळ हात चालतो. जवसाचं तेल लावायचं असेल तर खालच्या बाजूने, अगदी थोडं, आणि उरलेलं पुसून घ्या. ते पुसलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची फडकी वाळताना तापतात आणि आपोआप पेटू शकतात. पसरून बाहेर वाळवा, किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

खुर्चीखाली बारीक पिवळसर भुसा पडलेला दिसला तर लाकडाला किंवा वेताला भुंगा लागला आहे. अशी खुर्ची लगेच बाकीच्या फर्निचरपासून वेगळी करा आणि कीड मारल्याशिवाय तिच्यावर नवा वेत चढवू नका.